सूतिकागृहातली पाचवी

माझ्या सूतिकागृहातून बायका पळून जायच्या. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी त्यांना छळत असेन. मी तापट आहे, माझा आवाज पटकन चढतो, पण बाळंतिणीला मी कधी वेडंवाकडं बोलले नाही. तरी त्या जायच्या. चौथ्या दिवशी दुपारचं जेवण झालं, की दुपटी वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या अंगणात जायच्या, आणि पोर पदराखाली घेऊन कुंपणाच्या फटीतून ज्या निघायच्या त्या शेतांच्या बांधांवरून थेट माजिवड्याला. संध्याकाळी फेरी मारायला जावं तर खाट रिकामी. चादर मात्र नीट घडी घालून ठेवलेली असायची. त्या घडीचा मला जास्त राग यायचा.

ठाण्यात नौपाड्यातल्या मंडळींनी हे सूतिकागृह काढलं तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाचएक वर्षं झाली होती. जो तो काहीतरी नवं काढायच्या घाईत होता. आमच्याकडे आठ खाटा होत्या, पांढऱ्या चादरी होत्या, पाणी तापवायला मोठा बंब होता आणि रोज सकाळी येणारे डॉक्टर होते. मी सुमती करंदीकर, पुण्याला नर्सिंग शिकून आलेली, तिथली मेट्रन. मी लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे नौपाड्यातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबकराव ओक, पेशानं वकील. सूतिकागृहाला त्यांच्या बायकोचं नाव होतं. ती पहिल्याच बाळंतपणात गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. माणूस सरळ होता. गरिबाघरची बाई काळोख्या खोलीत तडफडून मरू नये, ही त्यांची खरी तळमळ होती, आणि त्या तळमळीचा त्यांनी कधी गवगवा केला नाही. फक्त एक होतं. एखादी गोष्ट भल्याची आहे असं ठरलं, की ज्याचं भलं करायचं त्यालाही दोन शब्द विचारावेत, हे त्यांच्या गावी नव्हतं.

पळालेल्या बायकांत माजिवड्याची नामी होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच आलं. नवरा सहदेव मिठागरात कामाला. सासू ठमाबाई भातशेती बघायची आणि घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवायची. नामी आमच्याकडे सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, आणि चौथ्या दिवशी ती ओल्या बांधांवरून चालत घरी गेली. मग अंगावरून जायला लागलं ते थांबेना. सहदेव धावत आला तेव्हा डॉक्टर आणि मी टांग्यानं गेलो, टांगा थांबला तिथून पुढे चिखलातून गेलो. नामीची जीभ कागदासारखी पांढरी पडली होती. डॉक्टरांनी तिला कशीबशी वाचवली. परत येताना ते मला म्हणाले, की ही पुन्हा घरी बाळंत झाली तर मला बोलावून काही उपयोग होणार नाही.

ही हकीकत ऐकून त्र्यंबकराव फार अस्वस्थ झाले. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला. कुंपण बुजवायचं, फाटकाला कुलूप लावायचं आणि दहा दिवस पुरे झाल्याशिवाय कुठल्याही बाळंतिणीला बाहेर सोडायचं नाही.

मी म्हटलं, आधी त्या का जातात ते तरी विचारू या. त्यावर सभेत भराभर उत्तरं निघाली. एक सभासद म्हणाले, अडाणीपणा. दुसरे म्हणाले, घरच्या कामाची ओढ. तिसऱ्यांना त्यात कृतघ्नपणा दिसला. ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या एकानंही माजिवड्याच्या बाईशी कधी भाजीच्या भावापलीकडे बोलणं केलं नव्हतं. त्र्यंबकरावांनी मात्र मला शांतपणे विचारलं, "सुमतीबाई, पोराला ताप आला तर औषध त्याला विचारून देतात का?" सभेला हे फार आवडलं. कुलूप लागलं. किल्ली पोपटच्या, म्हणजे आमच्या पहारेकऱ्याच्या, कमरेला गेली आणि त्या दिवसापासून पोपट छाती काढून चालायला लागला.

कुलपामागे अडकलेली पहिली बाई माजिवड्याशेजारच्या बाळकुमची होती. पाचव्या दिवशी सकाळपासून ती फाटकाचे गज धरून उभी राहिली. मी समजावलं, रागावले, हाताला धरून आत आणलं, तरी ती परत तिथेच. रात्रभर रडली आणि तिचं दूध आटलं. विचारलं तर तोंड उघडेना. दहा दिवसांनी ती घरी गेली आणि तिथे मात्र तिनं तोंड उघडलं असणार, कारण त्यानंतर आमच्याकडे त्या बाजूची बाई यायचीच बंद झाली. खाडीकाठच्या गावांत आमच्या सूतिकागृहाला कोंडवाडा म्हणायला लागले. ढोरं कोंडतात तो कोंडवाडा.

आता आमच्याकडे नौपाड्यातल्याच दोन-तीन बायका असायच्या, आणि त्यांना आमची गरज होती त्यापेक्षा आम्हाला त्यांची जास्त होती. नौपाड्यात रिकामी खोली दिसली की लोकांना वाचनालय सुचतं. सेक्रेटरींनाही सुचलं. दिवाळीपर्यंत खाटा भरल्या नाहीत तर पाच खाटा काढून तिथे पुस्तकांची कपाटं ठेवायची, असं जवळजवळ ठरून गेलं. मला वाचनालयाचं वावडं नाही. पण जिथे बाईचा जीव वाचायचा तिथे माणसं आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र चाळणार, ह्या कल्पनेनं माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

नामीच्या त्या बाळंतपणाला दुसरं वर्ष लागलं होतं. भात पिवळं पडायला लागलं त्या सुमारास आमच्याकडे भाजी घालणाऱ्या बाईनं सहज सांगितलं, की नामीला नववा लागलाय. मी हातातली भेंडी टोपलीत टाकली, चपला घातल्या आणि माजिवड्याची वाट धरली.

ठमाबाई अंगणात सुका जवळा पाखडत बसली होती. नामी भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. तिची मुलगी तिच्या पोटावर डोकं ठेवून खेळत होती. मी बसले, पाणी प्यायले आणि आडवळणं न घेता सांगितलं, की सुनेला घरी बाळंत केलंत तर ती मरेल. डॉक्टर असं म्हणालेत आणि मलाही तसंच दिसतंय.

ठमाबाई पाखडायची थांबली नाही. मरणाचं भय मला घालू नकोस, माझी तीन पोरं ह्याच अंगणातून गेलीत, असं ती म्हणाली. मग मी तेच विचारलं जे सभेत विचारून घ्यावं म्हणून मी भांडले होते. मागच्या खेपेला नामी का पळाली?

"तिना मीच नेली," ठमाबाई म्हणाली. "पाचवी व्हती. पाचवीचे राती सटवी येते, पोराचे कपालावर नशीब लिवते. बालंतीन आनि पोर घरान नको? दिवा नको? पाटा-वरवंटा नको? तुमी त फाटकाला टालं लावलाव. सटवी बंद दरवाज्यान कशी येल? आनि नाय आली त पोराचे कपालावर लिवल कोन? तुमचा दाक्तर?"

पाचवी मला ठाऊक नव्हती असं नाही. आमच्याही घरांत पुजतात. पण आमच्याकडे भटजी येतात, पाटावर सुपारी मांडतात, मंत्र म्हणतात, आणि बाळंतीण तिकडे दवाखान्यात झोपलेली असली तरी कुणाचं अडत नाही. आदल्याच महिन्यात सेक्रेटरींच्या सुनेची पाचवी अशीच घरी झाली होती आणि ती माझ्या खाटेवर पडून पेढे खात होती. माजिवड्यात भटजी नव्हता. तिथे पूजा म्हणजे बाळंतीण स्वतः, तिच्या शेजारी तिचं पोर आणि रात्रभर जागणाऱ्या घरच्या बायका. ती बाई तिथे नसेल तर पूजा कशाची करणार? एवढं साधं होतं हे, आणि आम्ही त्यावर पितळेचं कुलूप लावलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. खरं म्हणजे मला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली.

मी ठमाबाईला म्हटलं, पाचवी आमच्याकडेच पुजू.

तिनं सूप खाली ठेवलं आणि अटी घालायला सुरुवात केली. पाटा-वरवंटा तिच्या घरचा. दिवा रात्रभर. बाळंतिणीला आणि पोराला शेकायला शेगडी. तिच्या जावा-नणंदा रात्री तिथेच बसणार. नामीची थोरली पोर आईपासून दूर झोपणार नाही, तीही येणार. आणि फाटकाला टाळं दिसलं तर ती तिथूनच गाडी वळवणार. मी प्रत्येक अटीला हो म्हटलं. ह्यातली एकही गोष्ट माझ्या हातात नव्हती. पण नामी माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे मी कमिटीला विचारून सांगते, असं म्हणणं मला जमलं नाही.

माझ्याकडूनही मी एक अट घातली. पूजेला येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या साबणानं कोपरापर्यंत हात धुईल. ठमाबाईनं भुवया चढवल्या. मी म्हटलं, देवीला स्वच्छ लागतं की नाही? ते तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते हसून म्हणाले, की माझं इंजेक्शन आणि त्यांची सटवी ह्यांचं काही भांडण नाही, बाई वेळेवर आणि माझ्या हाताशी असली म्हणजे झालं. शेगडी तेवढी वऱ्हांड्यात ठेवा, म्हणाले. मग मी त्र्यंबकरावांच्या घरी गेले. ते ओटीवर पक्षकाराचे कागद चाळत बसले होते. मी सगळं सांगितलं, अटींसकट. सेक्रेटरींच्या सुनेच्या पाचवीचंही सांगितलं, म्हटलं आपली पूजा आपल्याला बाळंतिणीवाचून करता येते, त्यांची येत नाही, फरक काय तो एवढाच.

त्यांनी कागद बाजूला ठेवले. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"आमच्या घरी पाचवी अगदी साग्रसंगीत झाली होती," ते म्हणाले. "दिवा रात्रभर तेवत होता. माझी आई जागी होती. त्याच सुईणीनं, त्याच हातांनी बाळंतपण केलं आणि त्याच हातांनी पूजा मांडली. सहाव्या दिवशी सकाळी जानकीच्या अंगाची लाही होत होती. मी डॉक्टर आणतो म्हटलं, तर आई म्हणाली, सटवीनं लिहिलंय ते डॉक्टर खोडणार आहे का? आठव्या दिवशी ती गेली. मूल त्याच्या आधी गेलं होतं. त्या पाटा-वरवंट्याला मी तिच्या नावाच्या इमारतीत जागा देऊ?"

ह्या माणसाशी भांडायचं म्हणून मी घरून तयारी करून गेले होते, ती सगळी वाया गेली. मला त्यांची अतोनात दया आली. पण दया आली म्हणून मी उठून आले असते तर नामी मेली असती, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं.

"त्र्यंबकराव," मी म्हटलं, "जानकीबाई न धुतलेल्या हातांनी गेल्या, दिव्यानं नाही. ते हात मी धुऊन घेईन. आपण ह्या बायकांना पाचवी सोडा म्हणतो, आणि त्या आपल्यालाच सोडून जातात. तिकडे घरी त्यांना पाचवीही मिळते आणि तेच हातही मिळतात."

ते म्हणाले, नाही. मी असेपर्यंत नाही. मी म्हटलं, मग मी हे तुमच्या परवानगीशिवाय करणार आहे, आणि नंतर तुम्ही मला काढून टाका. मी नमस्कार करून पायऱ्या उतरले. नोकरी गेली तर पुण्याला भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं, आणि माझ्या वहिनीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. तरीही मी मागे वळले नाही.

कापणी सुरू झाली आणि एका दुपारी फाटकाशी बैलगाडी येऊन थांबली. गाडीत पेंढ्यावर नामी पडली होती, कळा सुरू होत्या, ओठ दाताखाली दाबलेला. सहदेव बैलांपुढे उभा. ठमाबाई खाली उतरली, पण पुढे येईना. ती फाटकाकडे बघत होती. पोपटनं कुलूप उघडलं, फाटक लोटलं आणि या म्हणाला.

ठमाबाईनं त्याला विचारलं, आम्ही आत गेलो की तू हे परत लावशील का? पोपट माझ्यासारखाच पगारी माणूस, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, लावावंच लागेल. ठमाबाईनं सहदेवला गाडी वळवायला सांगितलं. सहदेवनं बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि बैलांच्या वेसणीला हात घातला. नामीनं डोळे मिटून घेतले, एवढंच.

मी बंबाजवळची कोळसे फोडायची हातोडी घेऊन आले. पोपटच्या हातून कुलूप घेतलं, पायरीच्या दगडावर ठेवलं आणि त्यावर घाव घातले. पहिले दोन-तीन नुसते घसरले. मग मी पदर खोचला. कुलूप मोडलं, कडी वाकडी झाली, माझ्या अंगठ्याचं नखही गेलं. तो पितळी सांगाडा मी पोपटच्या हातात दिला आणि म्हटलं, आता लाव. पोपटनं तो हातात धरला आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की इतक्या गडबडीतही मला हसू आलं.

"चल गो," ठमाबाई सुनेला म्हणाली आणि तिनं गाडीचा मागचा दांडा काढला.

बाळंतपण अवघड गेलं. डॉक्टरांना घरून बोलावलं. मुलगी झाली, आणि पाठोपाठ नामीला रक्तस्राव सुरू झाला, अगदी डॉक्टर म्हणाले होते तसा. ह्या वेळी मात्र इंजेक्शन हाताशी होतं, डॉक्टर हाताशी होते आणि मी होते. दिवेलागणीपर्यंत रक्त थांबलं. ठमाबाई वऱ्हांड्यात थोरल्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला आत नेऊन सून दाखवली. ती सुनेच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

कुलूप मोडल्याची बातमी नौपाड्यात पसरायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी येऊन मोडकं कुलूप बघून गेले. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. अध्यक्षांकडून निरोप नाही, बोलावणं नाही. मी ट्रंक भरून ठेवली होती. तेवढ्यात माजिवड्याच्या आणखी दोघी आल्या, बाळकुमची एक आली, आणि मला ट्रंकेचा विचार करायला फुरसत राहिली नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ठमाबाईच्या जावा-नणंदा आल्या. एकीच्या डोक्यावर पाटा, दुसरीच्या काखेत वरवंटा. मी मोरीत उभी राहून एकेकीचे हात घासून घेतले, नखांत ब्रश घातला. एक म्हातारी म्हणाली, माझ्या लग्नातही मला कुणी इतकं घासलं नव्हतं. वऱ्हांड्यात वाळूच्या घमेल्यात शेगडी ठेवली. नामीच्या खाटेशेजारी पाटा मांडला, वरवंट्याला हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले, विळा ठेवला, दिवा लावला. पलीकडच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. नौपाड्याची एक बाई होती, तिनंही पदर डोक्यावर घेतला. बायका हलक्या आवाजात गाणं म्हणायला लागल्या.

तेव्हाच त्र्यंबकराव आले.

ते दारात उभे राहिले, हातात काठी, कोटाच्या खिशाला फाउंटनपेन, तोंड दगडासारखं. मी पुढे होऊन मध्ये उभी राहिले. मला वाटलं, आता हे दिवा विझवायला सांगतील, आणि मी विझवू देणार नव्हते. ते काही बोलायच्या आत ठमाबाई आपली चाचपडत उठली. सटवीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवावी लागते, तिला लिहायला. कागद तिनं गावातल्या शाळेतून मागून आणला होता, लेखणी विसरली होती. हा पुरुष कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त खिशातलं पेन दिसलं.

"ओ गुर्जी," ती म्हणाली, "तुमचा पेन द्याल? सटवीला लिवाला नाय कय. सकालला न्या."

गाणं थांबलं. त्र्यंबकराव ठमाबाईच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत होते. साबणानं घासून घासून तो हात पांढराफटक पडला होता, बोटांची टोकं सुरकुतली होती. त्यांनी तो हात खूप वेळ बघितला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडून शाई आहे का बघितलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"सकाळी येतो," ते म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

पुढे ह्या सगळ्याची घडी बसली. कमिटीनं वऱ्हांड्याला पत्र्याचा आडोसा करून दिला, रात्री थांबणाऱ्या बायकांना चटया दिल्या, आणि आईबरोबर आलेल्या पोरांना जेवण द्यायचं ठरलं. दिवाळीनंतर आठ खाटा पुरेनात, वाचनालय शेजारच्या गल्लीत गेलं. कल्याणहून दोन नगरसेवक हे सगळं बघायला आले, त्यांना विठ्ठलवाडीच्या बाजूला असंच काढायचं होतं. त्यांनी मला विचारलं, की काय काय लागतं. मी म्हटलं, कुलूप सोडून सगळं. पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की ह्या घरात इतक्या बायका बसल्यात, ह्या दिव्याशेजारी नामी पडलीये, तिच्या अंगात रक्त उरलेलं नाही, आणि उद्या तिला ताप चढला तर तो माझ्यामुळे चढलेला असेल. मी तिच्या उशाशी बसून राहिले. मला देवीची भीती वाटत नव्हती. मला त्या माणसाची भीती वाटत होती, जो सकाळी येणार होता.

तो आला. सूर्य नुकता वर येत होता. बायका चटयांवर कलंडल्या होत्या. ठमाबाईनं पेन धुऊन पुसून पाट्याशी ठेवलं होतं. त्र्यंबकरावांनी तिकडे बघितलंही नाही. ते सरळ नामीच्या खाटेपाशी आले आणि दोन पावलं अलीकडे थांबले. त्यांनी दाढी केलेली नव्हती. डोळे लाल होते. ते रात्रभर झोपले नव्हते, हे विचारायची गरज नव्हती.

"ताप?" त्यांनी मला विचारलं.

मी थर्मामीटर लावला, बघितला. नाही, म्हटलं.

"नीट बघा," ते म्हणाले. "ह्याच वेळी चढतो."

मी पुन्हा लावला. नामीला जाग आली, तिनं आमच्याकडे बघितलं, कुशीतल्या पोरीला जवळ ओढलं आणि परत डोळे मिटले. तिच्या कपाळावर घाम नव्हता. मी थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हटलं, नाही. त्र्यंबकरावांनी खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"सुमतीबाई," ते म्हणाले, "आणखी एकदा."

एकच गोष्ट कुणी मला तिसऱ्यांदा करायला सांगितली तर मी काय करते, ते सगळ्या नौपाड्याला माहीत होतं. मी थर्मामीटर झटकला, नामीच्या काखेत ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभी राहून वाट बघितली.

"नाही," मी म्हणाले. "ताप नाही."